फळी आणि पत्रा यांच्यामधील पाणी

अमेरिका आणि कॅनडा या देशांत लहान नौका बाळगणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची नौका बंदरात नांगरलेली नसते. ती घरालगतच्या मोकळ्या जागेत एका चाकांच्या गाड्यावर, म्हणजे ट्रेलरवर, उभी असते, सुटीच्या दिवशी मोटारीला जोडून तळ्यावर किंवा खाडीवर नेली जाते, उतारावरून पाण्यात सोडली जाते आणि संध्याकाळी त्याच उतारावरून पुन्हा ट्रेलरवर चढवून घरी आणली जाते. मिनेसोटा किंवा ओंटारिओसारख्या थंड प्रदेशांत तर तळी गोठण्याच्या आधीच नौका बाहेर काढावी लागते आणि वसंत ऋतू उजाडेपर्यंत ती ट्रेलरवरच राहते. तासांचा हिशेब मांडला तर अशा नौकेचे आयुष्य पाण्यापेक्षा ट्रेलरवरच अधिक जाते. तिच्या तळाला सर्वांत जास्त काळ स्पर्श करणारी वस्तू पाणी ही नसून, ज्या फळ्यांवर ती टेकलेली असते त्या फळ्यांचे आवरण ही असते, आणि नौका ॲल्युमिनियमची असेल तर या आवरणाची निवड तिचा तळ किती वर्षे टिकेल हे बऱ्याच अंशी ठरवते.

या फळ्यांना बंक म्हणतात. ट्रेलरच्या सांगाड्यावर लांबीच्या दिशेने बसवलेल्या दोन किंवा चार आधारफळ्या असे त्यांचे स्वरूप असते. तिकडच्या लाकूडबाजारात 'दोन बाय चार' आणि 'दोन बाय सहा' या नावांनी मिळणाऱ्या फळ्या त्यासाठी वापरल्या जातात. नावातील आकडे इंचांचे असले तरी रंधून तयार झालेल्या फळीचे प्रत्यक्ष माप अनुक्रमे ३८ बाय ८९ आणि ३८ बाय १४० मिलिमीटर भरते. बंकाऐवजी रबरी रुळांची रांग असलेले ट्रेलरही असतात, आणि कोकणच्या किनाऱ्यावर होडी वाळूवरून ओढताना तिच्याखाली आडवे ओंडके घालतात त्याच तत्त्वावर ते चालतात: नौका सहज सरकते, पण तिचे सारे वजन मोजक्या बिंदूंवर येते. लहान ॲल्युमिनियम नौकांचा पत्रा बहुधा दीड ते तीन मिलिमीटर जाडीचा असतो, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर रुळांमधून बसणारे धक्के अशा पत्र्याला पोचे पाडू शकतात. म्हणून वजन लांबवर पसरवणारी फळीच अशा नौकांना अधिक मानवते. मात्र ज्या लांबलचक स्पर्शामुळे फळी पत्र्याला सांभाळते, त्याच स्पर्शात पाणी अडकून राहण्यास जागा मिळते, आणि या प्रकरणातील सगळा विचार त्या अडकलेल्या पाण्याभोवती फिरणारा आहे. आवरण निवडताना ते किती मऊ आहे हे सर्वसाधारणपणे पाहिले जाते. वास्तविक आधी पाहावयाचे ते हे की पत्रा आणि फळी यांच्यामध्ये पाणी किती काळ राहणार आहे, आणि त्या पाण्यात काय विरघळलेले असणार आहे.

ॲल्युमिनियम हा धातू रासायनिकदृष्ट्या अत्यंत चंचल आहे, परंतु हवेच्या संपर्कात येताच त्याच्या पृष्ठभागावर त्याच्याच ऑक्साइडची एक अतिशय पातळ साय धरते. तिची जाडी अवघी काही नॅनोमीटर असते, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दशलक्षावा भाग. तरीही ही साय इतकी घट्ट असते की खालचा धातू तिच्यामुळे सुरक्षित राहतो आणि ओरखडा पडल्यास हवेतील ऑक्सिजन घेऊन ती लगेच नव्याने धरते. पाणी फार आम्लधर्मी किंवा फार अल्कधर्मी असेल तर मात्र ती टिकत नाही, आणि क्लोराइड, म्हणजे मिठातील क्लोरीनचा विद्युत्भारित कण, तिला जागोजागी भेदतो. मराठी स्वयंपाकघरात ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आमसुलाचे किंवा चिंचेचे आंबट-खारट कालवण रात्रभर ठेवू नये असे सांगतात, आणि जुन्या पातेल्याच्या बुडाला सुईच्या अग्राएवढी छिद्रे पडलेली पुष्कळांनी पाहिलेली असतात. नौकेच्या तळाला होणारी इजा त्याच जातीची असते. तिला खड्डे-क्षरण म्हणता येईल, कारण लोखंडाचा गंज पृष्ठभागभर पसरतो तसा तो येथे पसरत नाही, तर एखाद्या बिंदूपाशी खोल शिरतो, वर पांढऱ्या भुकटीची लहानशी उंचवट्यासारखी टोपी दिसते आणि ती खरवडल्यावर खालचा खड्डा उघडा पडतो.

ओल्या कापडासारखी शोषक वस्तू ॲल्युमिनियमला बराच काळ चिकटून राहिली की हे क्षरण विशेष वेगाने होते. धातुशास्त्रात या प्रकाराला जे नाव आहे त्याचा अर्थ 'पोटिसाने होणारे क्षरण' असा आहे, आणि गळवावर बांधलेले अळशीचे पोटीस ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते नाव किती नेमके आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही. पोटीस ओल धरून ठेवते, उडू देत नाही आणि त्वचेशी सतत भिडवून ठेवते. ओले कार्पेट पत्र्याशी नेमके हेच करते. त्याशिवाय आवरणाखालच्या पाण्यातील ऑक्सिजन लवकर संपतो आणि बाहेरून नवा पोचत नाही, त्यामुळे भेदली गेलेली साय पुन्हा धरण्यास लागणारा पुरवठाच तुटतो. उघड्यावरचा, ऑक्सिजन मिळणारा पत्रा आणि झाकलेला, ऑक्सिजनविना राहिलेला पत्रा यांच्यामध्ये एक लहानसा विद्युत्-घट तयार होतो आणि त्यात झाकलेला भाग झिजत राहतो. एकाच धातूच्या दोन भागांत असा घट बनू शकतो हे प्रथमदर्शनी नवलाचे वाटते, पण फटींमध्ये आणि आवरणांखाली आढळणाऱ्या बहुतेक क्षरणाचे मूळ त्यातच असते.

एवढे जरी असले तरी गोड्या पाण्यावर वापरल्या जाणाऱ्या आणि अधूनमधून वाळणाऱ्या नौकेला केवळ कार्पेटामुळे मोठी इजा सहसा होत नाही. खरी हानी सुरू होते ती कार्पेटाखालच्या लाकडापासून, आणि ते लाकूड गेल्या वीस-बावीस वर्षांत बदलले आहे ही गोष्ट अनेक नौकामालकांच्या लक्षात आलेली नाही. बाहेर उघड्यावर राहणारे लाकूड कुजू नये, त्याला वाळवी लागू नये म्हणून दाबाखाली त्यात रसायन मुरवले जाते. अमेरिकेत कित्येक दशके त्यासाठी क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक यांचे मिश्रण वापरले जाई. त्याच्या सर्वाधिक रूढ प्रकारात ऑक्साइडांच्या रूपाने क्रोमियम ४७.५ टक्के, आर्सेनिक ३४ टक्के आणि तांबे केवळ १८.५ टक्के असे. आर्सेनिकच्या विषारीपणामुळे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेशी झालेल्या समझोत्यानुसार २००३ सालाच्या अखेरीस उद्योगाने घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी हे मिश्रण सोडून दिले, आणि त्याची जागा तांबे व चतुर्थक अमोनियम संयुगे, किंवा तांबे व ॲझोल नावाची बुरशीनाशके, यांच्या मिश्रणांनी घेतली. मुलांच्या खेळण्याच्या जागा आणि घरांचे ओटे यांच्या दृष्टीने हा बदल निःसंशय हिताचा होता. धातूंच्या दृष्टीने मात्र त्याने एक नवी अडचण उभी केली, कारण नव्या मिश्रणांपैकी पहिल्यात सुमारे दोन तृतीयांश भाग तांब्याच्या ऑक्साइडचा असतो, आणि पूर्वी तांब्याला लाकडाच्या तंतूंशी बांधून ठेवणारे क्रोमियम आता त्यात नसते.

लाकडातून पाझरलेले तांबे ॲल्युमिनियमचे काय करते हे समजण्यासाठी शाळेतील प्रयोगशाळेतला एक परिचित प्रयोग पुरेसा आहे. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवून ठेवला की थोड्या वेळाने त्यावर तांब्याचा तांबूस लेप चढतो, द्रावणाचा निळा रंग फिकट होतो आणि खिळ्याचे लोखंड तेवढ्या प्रमाणात विरघळून पाण्यात जाते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत साय मध्ये असल्यामुळे ही क्रिया सुरुवातीला अडते, पण पाण्यात थोडे मीठ असले आणि साय जागोजागी भेदली गेली की तांबे ॲल्युमिनियमवर बसू लागते. दोन्ही धातूंच्या प्रमाणित विद्युत्-विभवांमधील अंतर २ व्होल्टचे आहे, म्हणजे रासायनिक ओढ लोखंडाच्या प्रयोगातल्यापेक्षा कितीतरी तीव्र आहे. शिवाय पत्र्यावर बसलेला तांब्याचा प्रत्येक सूक्ष्म कण तेथेच राहतो आणि भोवतालच्या ॲल्युमिनियमशी मिळून एक कायमचा लहानसा घट बनतो, त्यामुळे पुढे तांबे पाझरायचे थांबले तरी झीज थांबत नाही. कार्पेटाचे काम या साऱ्यात समईतल्या वातीसारखे असते: ते लाकडातील तांबे ओढून वर आणते आणि पत्र्याच्या तोंडाशी नेऊन पोचवते. रसायन मुरवलेले लाकूड ॲल्युमिनियमच्या थेट संपर्कात ठेवू नये असे अशा लाकडाच्या संदर्भात सांगितले जाते ते यामुळेच. परंतु नौकामालकाला कार्पेटाचा थर मध्ये असल्यामुळे संपर्क तुटला आहे असे वाटते, आणि नेमकी तीच समजूत चुकीची ठरते.

दोन धातूंच्या मध्ये काय असावे हा प्रश्न जहाजांच्या जगाला नवा नाही. ब्रिटिश आरमाराने १७६१ साली 'अलार्म' या लढाऊ जहाजाच्या तळावर किडे आणि शिंपले लागू नयेत म्हणून तांब्याचे पत्रे ठोकले, आणि वेस्ट इंडीजच्या सफरीवरून परतल्यावर १७६३ साली तपासणी झाली तेव्हा लोखंडी खिळे इतके झिजलेले आढळले की पत्रे जागोजागी सुटले होते. काही खिळे मात्र जवळजवळ शाबूत होते. तांब्याचे पत्रे गोदीत तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, आणि जेथे तो कागद न काढताच पत्रा ठोकला गेला होता तेथे खिळा आणि तांबे यांच्यामध्ये कागदाचा पापुद्रा राहून गेला होता. त्या पापुद्र्याने लोखंड वाचवले होते. विजेचा घट म्हणजे काय हे व्होल्टाने दाखवून देण्याच्या जवळपास चार दशके आधीचा हा पुरावा आहे, आणि आजच्या बंकाच्या आवरणाकडून अपेक्षा असते ती त्या कागदाने बजावलेल्या कामाचीच. फरक इतकाच की कोरडा किंवा पाणी न शोषणारा थर दोन वस्तूंना विलग करतो, आणि पाणी शोषणारा थर त्यांना जोडतो.

म्हणून आवरणाच्या आधी फळीचा निर्णय घ्यावा लागतो. ॲल्युमिनियमच्या नौकेखाली कार्पेट घालावयाचे असेल तर फळी रसायन न मुरवलेली असावी. डग्लस फर, स्प्रूस किंवा तांबडा सीडर या जातींचे साधे लाकूड, सगळ्या बाजूंनी आणि विशेषतः कापलेल्या टोकांना चांगला बाह्य रंग किंवा इपॉक्सी लावून वापरले, तर ते काही वर्षे व्यवस्थित काम देते आणि कुजल्यावर नवे बसवण्याचा खर्च पत्रा दुरुस्त करण्याच्या खर्चापुढे नगण्य असतो. ओक टिकाऊ म्हणून नावाजला जात असला तरी त्यातील टॅनिन आणि अन्य आम्ले धातूंना बाधतात. ही गोष्ट जुन्या गोदीकामगारांना चांगली ठाऊक होती, आणि ओकच्या जहाजांत लोखंडी खिळे खाल्ले जात असताना तेलकट सागाच्या जहाजांत ते टिकत, हे मुंबईच्या वाडिया घराण्याने बांधलेल्या सागवानी जहाजांच्या लौकिकाचे एक कारण होते. त्यांपैकी १८१७ साली मुंबईत पाण्यात सोडलेले 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे.

आता कार्पेट. नौकांसाठी विकले जाणारे कार्पेट बहुधा पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकच्या तंतूंचे असते, आणि हा तंतू स्वतः पाणी जवळजवळ शोषत नाही. नायलॉनचा तंतू मात्र दमट हवेतूनही आपल्या वजनाच्या सुमारे ४ टक्के ओल घेतो, म्हणून घरातल्या उरलेल्या नायलॉन कार्पेटाचा तुकडा वापरण्याचा मोह टाळलेला बरा. तंतू कोरडा असला तरी तंतूंमधल्या पोकळ्यांत पाणी साठतेच, आणि कार्पेटाच्या पाठीला रबराचा थर असेल तर ते खाली निथळूही शकत नाही. पाठीवर थर नसलेले, आखूड लवीचे, घट्ट विणीचे कार्पेट त्यातल्या त्यात लवकर वाळते. बसवण्याची रीतही वाळण्यावर परिणाम करते. पुष्कळ जण फळी चारही बाजूंनी गुंडाळून टाकतात, कारण ते नीटनेटके दिसते. पण खालची बाजू उघडी ठेवली, कार्पेट फक्त वर आणि दोन्ही कडांवरून खाली आणून खालच्या बाजूला बोटभर दुमडले, तर मधल्या पट्टीतून लाकूड श्वास घेऊ शकते आणि पाणी साठून राहत नाही. स्टेपल पिना कडांवर किंवा खाली ठोकाव्यात, वरच्या बाजूला कधीही नाही, कारण लव झिजली की पिनेचे डोके पत्र्यावर घासू लागते. साध्या पोलादी पिना एका हंगामात गंजतात, म्हणून त्या स्टेनलेस पोलादाच्या असाव्यात. मोनेल ही निकेल आणि तांबे यांची मिश्रधातू समुद्रकामात नावाजलेली असली तरी ॲल्युमिनियमजवळ तिचे तांबे कशाला आणावे, हा विचार येथेही लागू पडतो.

कार्पेटाला दोष देताना त्याचे एक मोलाचे काम विसरले जाऊ नये. उतारावर नौका घट्ट बसवून ठेवणारे घर्षण त्यातून मिळते, आणि वाळूचे कण पृष्ठभागावर न राहता लवीत खाली उतरतात, त्यामुळे सुरुवातीच्या काळात तरी रंगावर ओरखडे कमी पडतात. काही हंगामांनंतर मात्र तीच लव वाळूने गच्च भरते, उन्हातील अतिनील किरणांनी तंतू ठिसूळ होतात, आणि मग कार्पेट पॉलिश कागदासारखे वागू लागते. कार्पेट ही मुळात खर्चून संपणारी वस्तू आहे, असे समजून ते वेळेवर बदलणाऱ्या आणि गोड्या पाण्यावर नौका चालवणाऱ्या मालकाला ते आजही योग्य आहे. खाऱ्या पाण्यावर, किंवा हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून ट्रेलर ओढला जात असेल तेथे, ॲल्युमिनियमच्या तळाखाली ते न वापरणेच शहाणपणाचे आहे.

त्याला पर्याय म्हणून गेल्या काही दशकांत पॉलिएथिलिनच्या पट्ट्या पुढे आल्या. पॉलिएथिलिन म्हणजे पिशव्या आणि पाण्याच्या टाक्या ज्याच्या होतात तेच प्लॅस्टिक, पण येथे वापरला जाणारा प्रकार उच्च घनतेचा किंवा अतिशय लांब रेणूसाखळ्यांचा असतो. दुसरा प्रकार कारखान्यांतील घसरपट्ट्या आणि कृत्रिम सांध्यांचे भागही बनवण्यास वापरतात, यावरून त्याच्या झीज सोसण्याची कल्पना यावी. तो पाणी जवळजवळ अजिबात शोषत नाही, तांबे मध्ये शिरू देत नाही, आणि पट्टीच्या वरच्या बाजूला खाचा किंवा उंचवटे असले तर पत्र्याखालून पाणी निथळून हवा खेळत राहते. या शेवटच्या गुणाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण सपाट, गुळगुळीत पट्टी आणि सपाट पत्रा यांच्यामध्येही पाण्याचा पातळ थर केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद फटीत पाण्याला मिळणाऱ्या ओढीने, धरून राहतो. खाचा असलेली पट्टी थोडी महाग पडते, परंतु ॲल्युमिनियमसाठी तीच घ्यावी. रंगही केवळ आवडीचा विषय नाही. काळ्या पट्टीत मिसळलेली काजळी अतिनील किरण शोषून प्लॅस्टिकचे रक्षण करते, म्हणून काळी पट्टी उन्हात सर्वांत जास्त टिकते.

या पट्ट्यांचा धोका त्यांच्या गुणातच आहे. अमेरिकेतील नौका-उतारांचा चढ सामान्यतः १२ ते १५ टक्के ठेवतात, म्हणजे आडव्या १०० मीटरला १२ ते १५ मीटर उतरण. उतारावर ठेवलेली वस्तू स्वतःहून घसरेल की नाही हे दोन आकड्यांच्या तुलनेवरून ठरते: उतरणीचे प्रमाण, येथे ०.१२ ते ०.१५, आणि दोन पृष्ठभागांमधील घर्षणांक, म्हणजे घर्षणाचा जोर आणि वजनाचा दाब यांचे गुणोत्तर. पॉलिएथिलिनच्या निसरड्या प्रकारांचा घर्षणांक साधारण ०.१ ते ०.२ असतो आणि ओलेपणात तो आणखी उतरतो. कार्पेटाचा त्याहून बराच जास्त असतो. याचा सरळ अर्थ असा की कार्पेट लावलेल्या बंकावर नाळेकडचा, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाचा, पट्टा सोडला तरी नौका जागेवर राहते, आणि तीच सवय प्लॅस्टिकवर चालवली तर नौका पाण्यापर्यंत पोचण्याआधीच सिमेंटच्या उतारावर आदळू शकते. कार्पेट काढून प्लॅस्टिक बसवणाऱ्या मालकाने म्हणूनच आपली हातोटी बदलली पाहिजे: गरारीचा पट्टा आणि सुरक्षासाखळी ट्रेलरचा मागचा भाग पाण्यात जाऊन नौका तरंगू लागेपर्यंत सोडावयाची नाही. एकट्याने नौका उतरवणाऱ्यांना प्लॅस्टिक सोयीचे वाटते, कारण खोलवर न जाता ती ढकलता येते. परंतु ज्यांच्या ट्रेलरवर इतर लोकही हात लावतात त्यांनी हा बदल सगळ्यांच्या कानावर घातल्याशिवाय करू नये.

बसवताना आणखी एक चूक वारंवार होते. पॉलिएथिलिन तापमानानुसार खूप वाढते-आकसते. दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला, ०.१ ते ०.२ मिलिमीटर. हिवाळ्याच्या सकाळपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत ४० अंशांचा फरक धरला तर ३ मीटरची पट्टी १२ ते २४ मिलिमीटर लांबते, तर तेवढीच ॲल्युमिनियमची पट्टी ३ मिलिमीटरहूनही कमी आणि लाकूड त्याच्याही पुष्कळ कमी. गोल छिद्रांतून घट्ट आवळलेल्या स्क्रूंमध्ये ती पट्टी उन्हात कमानीसारखी उचलली जाते. यासाठी एका टोकाला, किंवा मध्यभागी, एकच स्क्रू घट्ट ठेवून बाकीची छिद्रे लांबट पाडावीत. स्क्रूंची डोकी पृष्ठभागाच्या खाली खोल बसली पाहिजेत, कारण प्लॅस्टिक झिजले की तीच आधी वर येतात. कडांवरून स्क्रू मारता येणारी, फळीवर टोपीसारखी बसणारी पट्टी असेल तर हा प्रश्नच उरत नाही. कुंपणाच्या खांबांवर घालावयाच्या पीव्हीसीच्या नळ्या कापून बंकावर बसवणारेही लोक आहेत, आणि हलक्या नौकांना त्या चालतात, पण थंडीत पीव्हीसी ठिसूळ होऊन तडकते.

ट्रेलरच जर ॲल्युमिनियमचा असेल, आणि खाऱ्या पाण्याच्या किनाऱ्यांवर तसे ट्रेलर पुष्कळ आढळतात, तर तोच विचार बंकाच्या खालच्या बाजूलाही करावा लागतो, कारण रसायन मुरवलेली फळी तेथे ॲल्युमिनियमच्या आडव्या तुळईवर किंवा कंसावर टेकलेली असते. मध्ये पॉलिएथिलिनचा पातळ तुकडा घालणे हा साधा आणि पुरेसा उपाय आहे. तेथील बोल्ट स्टेनलेस पोलादाचे असले तरी फारशी भीती नसते. स्टेनलेस हा ॲल्युमिनियमला झिजवणारा धातू असला तरी बोल्टाचा पृष्ठभाग लहान आणि तुळईचा मोठा असल्यामुळे झीज मोठ्या क्षेत्रावर विखुरली जाते. तांब्याच्या बाबतीत असे घडत नाही, कारण त्याचे कण नेमके सायीच्या कमकुवत जागी जाऊन बसतात.

अलीकडच्या काळात आवरणाच्या निवडीत एक सर्वस्वी वेगळा विचार शिरला आहे. १९८८ साली मिशिगन आणि ओंटारिओ यांच्यामधील सेंट क्लेअर सरोवरात झेब्रा शिंपला हा युरोपातून आलेला लहान जीव आढळला आणि तो पंचमहासरोवरांत वेगाने पसरला. त्याचा नातलग असलेला क्वागा शिंपला २००७ साली पश्चिमेकडील मीड सरोवरात सापडला. त्यांची पिल्ले डोळ्यांना न दिसण्याइतकी सूक्ष्म असतात आणि ओलीत काही दिवस तग धरतात, तर युरेशियन मिलफॉइल ही उपद्रवी पाणवनस्पती एका लहानशा तुकड्यापासून नव्या तळ्यात रुजते. नौका स्वच्छ करा, पाणी काढून टाका, वाळवा, हा नियम म्हणूनच तिकडे घोषवाक्यासारखा झाला आहे, आणि मिनेसोटासारख्या राज्यात पाणवनस्पती ट्रेलरवरून नेणे कायद्याने गुन्हा आहे. नौकेचा तळ पुसून कोरडा करता येतो, पण कार्पेट लावलेल्या बंकाची लव हातांनी कोरडी होत नाही, आणि एका तळ्याचे पाणी दुसऱ्या तळ्यात नेण्याचे काम ती निमूटपणे करू शकते. एकाच तळ्यावर जाणाऱ्यांना हा मुद्दा लागू नाही. दर आठवड्याला निराळ्या तळ्यावर जाणाऱ्या मासेमाराने मात्र प्लॅस्टिककडे वळण्यास एवढे एकच कारण पुरेसे मानावे.

कोणतेही आवरण निवडले तरी फळी कोठे आहे हे तपासल्याशिवाय काम पुरे होत नाही. ॲल्युमिनियमच्या पुष्कळ नौकांचे पत्रे रिवेटांनी जोडलेले असतात, आणि फळी रिवेटांच्या रांगेखाली आली तर आवरण तेथे झिजून उघडे पडते आणि रिवेट सैल होतात. ती रांगांच्या मधल्या सपाट पट्ट्यात, शक्य तर आतल्या मजबुतीच्या पट्टीखाली यावी. मागे फळी नौकेच्या मागच्या उभ्या भिंतीपर्यंत पोचली पाहिजे, कारण नौकेच्या इंजिनाचे वजन तेथे असते आणि आधार आखूड पडला तर तळ हळूहळू खाली वाकतो. उभी करताना नाळ थोडी उंच ठेवून तळाचे बूच काढले की आतले आणि आवरणावरचे पाणी मागे निथळते.

वर्षातून एकदा, हंगाम संपल्यावर, नौका हातभर मागे सरकवून, तळ जेथे फळ्यांवर टेकतो त्या दोन रेषा बोटाने तपासाव्यात. नुसता काळसर डाग हा मळाचा असतो आणि धुतल्यावर जातो. पांढरी भुकटी किंवा हाताला टोचणारा बारीक उंचवटा लागला तर तो लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने अलगद खरवडावा, तारेच्या पितळी ब्रशाने नव्हे, कारण पितळेतही तांबेच असते. खड्डा उथळ असेल तर तो धुऊन, वाळवून, ॲल्युमिनियमसाठीच्या प्राथमिक रंगाने आणि वर इपॉक्सीने बंद करता येतो. त्याच वेळी आवरण उचलून फळीच्या वरच्या बाजूला हिरवट छटा आहे का हे पाहावे, कारण ती छटा रसायन मुरवलेल्या लाकडातील तांब्याची असते, आणि फळी तशीच ठेवून पत्रा दुरुस्त केला तर पुढच्या वर्षी नवे खड्डे त्याच दोन रेषांवर सापडतात.